गोळी सुटल्यानंतरचे पहिले तास

३० जुलै २०१८ च्या पहाटे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, ऑरोरा शहरात, एक अनोळखी विवस्त्र माणूस दार फोडून एका घरात शिरला आणि न्हाणीघरात अकरा वर्षांच्या मुलावर तुटून पडला. मुलाचे आजोबा ७३ वर्षांचे होते. ते व्हिएतनाम युद्धात लढले होते आणि लष्करी नोकरीपासून त्यांना कमी ऐकू येत असे. त्यांनी आपले पिस्तूल काढून हल्लेखोराला ठार केले. नातू वाचला. थोड्याच वेळात एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात टॉर्च अशा अवस्थेत ते घरातून पुढे आले. नुकतेच पोहोचलेले पोलीस हत्यार टाकायला ओरडून सांगत होते. ते टाकले गेले नाही, एका पोलिसाने गोळ्या झाडल्या आणि आजोबांचा मृत्यू झाला. पुढे जिल्हा सरकारी वकिलांनी त्या पोलिसावर खटला भरायला नकार दिला.

स्वसंरक्षणाची चर्चा बहुतेक वेळा गोळी सुटण्याच्या क्षणापाशी येऊन थांबते. गोळी झाडणे योग्य होते का, पळून जाता आले असते का, समोरच्याच्या हातात काय होते, यावर लोक तावातावाने बोलतात. गोळी झाडणाऱ्याचे आयुष्य कोणत्या वळणाला लागणार हे मात्र पुष्कळदा पुढच्या काही तासांत ठरते. त्या तासांत त्याची गाठ पोलिसांशी असते. त्याने बोलावे की गप्प बसावे? बोलावे तर किती? वकील कधी मागावा? या प्रश्नांवर अमेरिकेत गेल्या साठ वर्षांत न्यायालयांचे निकाल, वकिलांचे सल्ले आणि प्रत्यक्ष खटले यांचा मोठा साठा जमला आहे. आज अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे कमी नाहीत. भारतीय वंशाच्या अनेकांची तिथे दुकाने, पेट्रोल पंप, मोटेल आहेत आणि काहींच्या गल्ल्याखाली पिस्तूलही असते. त्यामुळे हा विषय आता पूर्वीइतका परका राहिलेला नाही.

पहिली गोष्ट जिवाची. घटनास्थळी पोहोचणाऱ्या पोलिसाला एवढेच माहीत असते की गोळीबार झाला आहे आणि समोर एका माणसाच्या हातात पिस्तूल आहे. तो माणूस घरमालक आहे की दरोडेखोर, हे त्याला कळायला मार्ग नसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये शिकागोजवळच्या रॉबिन्स गावात एका बारच्या सुरक्षारक्षकाने गोळीबार करणाऱ्याला पकडून जमिनीवर दाबून धरले होते. बाहेरून आलेल्या पोलिसाने त्या रक्षकालाच गोळी घातली. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्याच आर्वाडा शहरात एका नागरिकाने, नुकतीच एका पोलिसाची हत्या केलेल्या बंदूकधाऱ्याला टिपले. मग त्याची रायफल उचलून तो बाजूला करत असताना दुसऱ्या पोलिसाने त्यालाच मारले. रॉबिन्सचा रक्षक कृष्णवर्णीय होता आणि हा योगायोग मानायला अमेरिकेतले कृष्णवर्णीय तयार नाहीत. त्यांच्याकडे कारणे आहेत. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या परवानाधारक तरुणाने रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या पोलिसाला आपल्याजवळ शस्त्र असल्याचे स्वतःहून सांगितले होते. काही सेकंदांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

म्हणून तिथले जवळपास सगळे प्रशिक्षक एका गोष्टीवर एकमताने बोलतात. धोका टळला की शस्त्र हातातून खाली गेले पाहिजे, ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करणाऱ्याने आपले वर्णन आणि कपडे सांगितले पाहिजेत आणि पोलीस दिसताच रिकामे, उघडे तळहात दाखवले पाहिजेत. पोलीस बेड्या घालतील, जमिनीवर पालथे पाडतील. त्या क्षणी हुज्जत घालू नये. बेड्या म्हणजे दोषारोप नव्हे.

दुसरी गोष्ट तो फोन. ९११ चा प्रत्येक कॉल ध्वनिमुद्रित होतो आणि पुढे ज्यूरीला ऐकवता येतो. आणीबाणीत मदत मागताना केलेली विधाने पुरावा म्हणून चालतात, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये डेव्हिस विरुद्ध वॉशिंग्टन खटल्यात स्पष्ट केले. टेक्सासमधल्या पॅसाडिना इथे नोव्हेंबर २००७ मध्ये जो हॉर्न नावाच्या गृहस्थांनी शेजाऱ्याच्या घरात चोर शिरलेले पाहून ९११ ला फोन लावला. पलीकडचा माणूस त्यांना घराबाहेर पडू नका म्हणून विनवत राहिला. फोन चालू असतानाच ते बंदूक घेऊन बाहेर पडले आणि दोघांना ठार केले. ग्रँड ज्यूरीने त्यांच्यावर आरोप ठेवला नाही, पण ते ध्वनिमुद्रण देशभर ऐकले गेले. टेक्सासच्या बाहेर, दुसऱ्या एखाद्या ज्यूरीपुढे त्याचा अर्थ अगदी वेगळा लागू शकला असता. याच्या उलट बाजूला मिनेसोटातल्या लिटल फॉल्स गावचा बायरन स्मिथ. नोव्हेंबर २०१२ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, चोरीसाठी घरात शिरलेल्या दोन किशोरवयीन मुलांना त्याने तळघरात मारले आणि पोलिसांना त्या दिवशी कळवलेच नाही. घरातल्या त्याच्या स्वतःच्याच रेकॉर्डरवर सगळे मुद्रित झाले होते. २०१४ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले. स्वसंरक्षण करणारा माणूस मदत मागतो, तासन्‌तास वाट पाहत नाही, ही समजूत ज्यूरीच्या मनात पक्की असते आणि ती रास्तही आहे. मृतदेह घरात असताना दिवस जाऊ देणाऱ्याच्या मौनाला हक्काचे नाव देणे मला पटत नाही.

आता मुख्य प्रश्न. पोलीस आले, शस्त्र ताब्यात गेले, तुम्ही त्यांच्या गाडीत बसलात. आता काय?

अमेरिकी राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडत नाही. १९६६ च्या मिरांडा विरुद्ध ॲरिझोना निकालाने कोठडीतल्या चौकशीआधी पोलिसांनी हा हक्क सांगणे बंधनकारक केले. तो इशारा सिनेमांमुळे जगभर पोहोचला आहे. पण मिरांडाला जागोजागी अपवाद आहेत आणि गोळीबाराच्या प्रकरणात ते नेमके लागू पडतात. १९८४ च्या न्यूयॉर्क विरुद्ध क्वॉर्ल्स निकालानुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी पोलीस "पिस्तूल कुठे आहे?" असे इशारा न देताही विचारू शकतात आणि ते उत्तर पुराव्यात येते. कोठडीत नसताना, स्वतःहून बोललेले तर येतेच. घाबरलेला माणूस पोलिसांच्या गाडीच्या मागच्या सीटवर एकटाच पुटपुटला तरी बॉडीकॅम किंवा गाडीतला कॅमेरा ते टिपून घेतो.

शिवाय नुसते गप्प बसणे पुरेसे राहिलेले नाही. २०१० च्या बर्घुइस विरुद्ध थॉम्पकिन्स खटल्यात आरोपी जवळजवळ पावणेतीन तास चौकशीत गप्प होता आणि शेवटी एका प्रश्नाला त्याने हो म्हटले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, मौनाचा हक्क हवा होता तर तसे तोंडाने सांगायला हवे होते. २०१३ च्या सालिनास विरुद्ध टेक्सास खटल्यात तर कोठडीबाहेर, स्वखुशीने चाललेल्या चौकशीत एका प्रश्नावर माणूस गप्प झाला, ते गप्प होणेच सरकारी वकिलाने ज्यूरीपुढे मांडले आणि न्यायालयाने ते चालवून घेतले. वकिलाच्या बाबतीतही असेच. "मी बहुधा वकिलाशी बोलायला हवे" असे चाचरत बोललेले वाक्य १९९४ च्या दुसऱ्या एका डेव्हिस निकालात अपुरे ठरले. उलट वकील स्पष्टपणे मागितला की १९८१ च्या एडवर्ड्स निकालानुसार चौकशी थांबलीच पाहिजे. आणि मिरांडाचा इशारा मिळाल्यानंतरचे मौन आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे १९७६ च्या डॉयल विरुद्ध ओहायो निकालापासून ठरलेले आहे. २०२१ मध्ये केनोशा इथल्या काइल रिटनहाऊस खटल्यात सरकारी वकिलाने आरोपीच्या अटकेनंतरच्या मौनाकडे बोट दाखवताच न्यायाधीशांनी ज्यूरीला बाहेर पाठवून त्यांना खडसावले, ते याच नियमामुळे.

म्हणजे हक्क आहे, पण तो माहीत असलेल्याला आणि योग्य शब्दांत मागणाऱ्यालाच मिळतो. ज्याने आत्ताच एका माणसाचा जीव घेतला आहे, ज्याच्या कानात अजून गोळीचा आवाज घुमतो आहे आणि इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही, त्याच्याकडून कायदा ही स्पष्टता मागतो. मला हे अन्यायाचे वाटते. न्यायालयाने मौनाला मौन म्हणून ओळखावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

तरीही "पोलिसांशी एक शब्दही बोलू नका" हा सल्ला इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. व्हर्जिनियातल्या रीजंट विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक जेम्स डुआन यांनी २००८ मध्ये याच सल्ल्यावर दिलेले व्याख्यान असंख्य लोकांनी पाहिले आहे. निरपराध माणूसही अनवधानाने स्वतःला गुंतवतो, खरे बोलतानाही एखाद्या तपशिलात चुकतो आणि तीच चूक खोटेपणा म्हणून दाखवली जाते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण चोरीचा संशयित आणि स्वसंरक्षणाचा दावेदार यांच्यात मूलभूत फरक आहे. चोरीचा संशयित म्हणतो, मी नव्हतो. स्वसंरक्षणाचा दावेदार म्हणतो, मीच होतो आणि मला करावे लागले. गोळी आपणच झाडली हे त्याला मान्यच करायचे आहे. हल्लेखोर मरण पावला असेल तर काय घडले हे सांगणारा पुष्कळदा तो एकटाच उरतो. हल्लेखोराच्या हातातून पडलेला चाकू नाल्यात गेला, पाहणारा शेजारी निघून गेला, रस्त्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले गेले, तर ते परत मिळत नाही. पूर्ण मौन अशा वेळी आरोपीच्याच मुळावर येऊ शकते.

या कोंडीवर सर्वांत जास्त मानला गेलेला तोडगा मासाद अय्यूब यांचा. पोलीस अधिकारी आणि शस्त्रप्रशिक्षक म्हणून त्यांनी अनेक दशके लिहिले आहे आणि न्यायालयांत तज्ज्ञ साक्षीदार म्हणून ते उभे राहिले आहेत. त्यांच्या मते पोलिसांना मोजक्याच गोष्टी सांगाव्यात. या माणसाने माझ्यावर हल्ला केला. मी त्याच्याविरुद्ध तक्रार देईन. पुरावा तिथे पडला आहे. ते लोक साक्षीदार आहेत. आणि शेवटी, वकिलाशी बोलल्यावर चोवीस तासांत माझे पूर्ण सहकार्य मिळेल. यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात नकार नसून मुदत मागितलेली आहे. यावर आक्षेप घेणारे वकीलही आहेत. त्यांचे म्हणणे असे की माणूस पाच वाक्यांवर थांबत नाही, पोलीस सहानुभूतीने सहावा प्रश्न विचारतो आणि मग बांध फुटतो. हा आक्षेप खरा आहे. किती गोळ्या झाडल्या, किती अंतरावरून, किती सेकंदांत, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या रात्री देऊच नयेत, असा नियम मनाशी पक्का केला तर बरेचसे काम होते. माणसाला हे आकडे तेव्हा नीट आठवत नाहीत. प्रचंड ताणात दृष्टी अरुंद होते, आवाज ऐकू येत नाहीत, वेळ ताणल्यासारखा वाटतो, हे पोलिसांच्याच अनुभवांवर झालेल्या अभ्यासांतून पुढे आले आहे.

बोलण्याचे काय होते हे तीन खटल्यांत दिसते आणि तिन्ही वेगवेगळे सांगतात.

२२ डिसेंबर १९८४ ला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झने पैसे मागणाऱ्या चार तरुणांवर गोळ्या झाडल्या. चौघेही जगले, एक कायमचा अपंग झाला. गेट्झ पळून गेला आणि ३१ डिसेंबरला न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्डमध्ये पोलिसांसमोर हजर झाला. तिथे त्याने कॅमेऱ्यासमोर सुमारे दोन तास मन मोकळे केले. त्यात भीती होती तसा सूडही होता. खटल्यात सरकारी पक्षाचा सर्वांत मोठा आधार ती फीतच होती. १९८७ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडले आणि फक्त बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरले. पण १९९६ मध्ये दिवाणी खटल्यात त्याच्यावर अपंग झालेल्या तरुणाला ४ कोटी ३० लाख डॉलर देण्याचा निकाल झाला. फौजदारी निकालाने सगळे संपत नाही. पोलिसांपुढे बोललेले शब्द दिवाणी न्यायालयातही हजर होतात.

२००४ मध्ये ॲरिझोनात निवृत्त शिक्षक हॅरॉल्ड फिश डोंगरवाटेवरून परतत होते. एका माणसाची कुत्री अंगावर आली, मागोमाग तो माणूसही धावून आला आणि फिश यांनी गोळ्या झाडल्या. मग त्यांनी स्वतः मदत मिळवली आणि पोलिसांना मोकळेपणाने सगळे सांगितले. ॲरिझोनात तेव्हा स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर होता. त्यांच्या पिस्तुलाचा प्रकार आणि गोळ्यांची जात यावरही खटल्यात बराच खल झाला. २००६ मध्ये ते दोषी ठरले, दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी राज्याने हा भार सरकारी पक्षाकडे दिला, पण त्याचा फायदा त्यांना मिळाला नाही. २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल रद्द केला तेव्हा ते सुटले. आयुष्यात कधी कायदा न मोडलेल्या माणसाला पोलिसांपाशी सगळे सांगून टाकले की गैरसमज दूर होईल असे वाटते. हीच त्याची सर्वांत मोठी जोखीम असते.

तिसरा खटला याच्या उलट आहे. २६ फेब्रुवारी २०१२ ला फ्लॉरिडातल्या सॅनफर्डमध्ये जॉर्ज झिमरमनने ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या निःशस्त्र मुलाला गोळी घातली. वकील न घेता तो त्याच रात्री पोलिसांशी तासन्‌तास बोलला आणि दुसऱ्या दिवशी घटनास्थळी जाऊन घडलेले करूनही दाखवले. फ्लॉरिडाच्या २००५ च्या कायद्यानुसार, बळाचा वापर बेकायदा होता असे मानायला सबळ कारण असल्याशिवाय पोलिसांना अटक करता येत नाही. त्यामुळे अटक व्हायला ११ एप्रिल उजाडला, तोही देशभर उसळलेल्या संतापानंतर. खटल्यात सरकारी पक्षाने झिमरमनच्या त्या फिती स्वतःच ज्यूरीला दाखवल्या आणि त्यामुळे त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात न जाताच आपली बाजू मांडायला मिळाली. जुलै २०१३ मध्ये तो सुटला. बोलणे त्याच्या उपयोगी पडले, यात शंका नाही. मार्टिनला मात्र आपली हकिगत सांगता येणार नव्हती, हेही तितकेच खरे. जिवंत राहिलेल्याची हकिगत हीच अधिकृत हकिगत होऊ पाहते. म्हणूनच पोलिसांनी ती तपासलीच पाहिजे, आणि गोळी झाडणाऱ्याचे हक्क सांगताना मेलेल्याच्या आईवडिलांना उत्तर मागण्याचा हक्क आहे हे विसरता येत नाही.

इथे एक विसंगती मला सतत टोचते. पोलिसाने कर्तव्यावर गोळी झाडली तर काय करावे, याबद्दल अमेरिकेतल्या पोलीसप्रमुखांच्या संघटनेच्या मानसशास्त्रीय मार्गदर्शिका सांगतात की सविस्तर जबाब दोन-तीन दिवसांनी, झोप झाल्यावर घ्यावा, कारण त्याआधीच्या आठवणी विस्कळीत असतात. अनेक राज्यांत पोलिसांच्या या संरक्षणासाठी खास कायदे झाले. मेरीलंडने १९७४ मध्ये असा पहिला कायदा केला आणि २०२१ मध्ये तो रद्दही केला. मेंदूचे शास्त्र वर्दी पाहत नाही. पोलिसाला जी झोप हवी असते ती घरमालकालाही हवी असते. त्याला मात्र पहाटे तीन वाजता, कपडे पुराव्यासाठी काढून घेतलेल्या अवस्थेत, प्रश्न विचारले जातात. दोघांना एकच नियम लावणे हा सर्वांत सोपा आणि न्याय्य बदल ठरेल.

घराच्या झडतीबद्दल थोडे. खून झाला आहे एवढ्या कारणाने पोलिसांना वॉरंटशिवाय सगळे घर धुंडाळता येत नाही, असे १९७८ च्या मिन्सी विरुद्ध ॲरिझोना निकालाने ठरले. जखमी किंवा लपलेला माणूस शोधण्यापुरते ते आत येऊ शकतात. पुढची झडती वॉरंट घेऊन. "बघू का जरा?" या प्रश्नाला संमती देणे बंधनकारक नाही, ती देऊन बसलात तर वॉरंटचा प्रश्नच मिटतो. मोबाईलचेही तसेच. जुने संदेश, समाजमाध्यमांवरची राग ओकणारी विधाने वॉरंटने मिळतातच. २०२० मध्ये टेक्सासमध्ये आंदोलकाला गोळी घालणाऱ्या डॅनियल पेरीच्या खटल्यात त्याचे जुने संदेश त्याच्यावरच उलटले. राज्यपालांनी पुढे त्याला माफी दिली ही वेगळी गोष्ट.

कायद्याचा नकाशाही राज्याराज्यांत बदलतो. कुठे घराबाहेरही मागे हटण्याची सक्ती नाही, कुठे आहे. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार ओहायोने २०१९ पर्यंत आरोपीवर ठेवला होता. तो तसा ठेवणे घटनेला धरून आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मानले होते. फ्लॉरिडातच २०१० मध्ये मारिसा अलेक्झांडर या कृष्णवर्णीय स्त्रीने छळ करणाऱ्या नवऱ्याच्या दिशेने इशाऱ्याची गोळी झाडली. कोणालाही इजा झाली नाही, तरी तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१५ मध्ये ती तुरुंगाबाहेर आली. कायदा कागदावर एक आणि माणसामाणसाला लागताना दुसरा, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

इंग्लंडने मौनाबाबत वेगळा रस्ता धरला आहे. १९९४ च्या कायद्यापासून तिथला पोलीस सांगतो की पुढे न्यायालयात ज्यावर विसंबणार आहात ते आत्ता सांगितले नाहीत तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते. स्वसंरक्षणाचा दावा पहिल्यांदा न्यायालयातच केला तर ज्यूरीला त्यातून विपरीत अनुमान काढता येते. मात्र पोलीस ठाण्यात वकील विनामूल्य मिळतो. बोलायला भाग पाडायचे असेल तर वकील दिला पाहिजे, हे निदान तिथे समजून घेतले आहे.

भारतात चित्र आणखी निराळे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खाजगी संरक्षणाचा हक्क देतात. कलम ३८ मध्ये जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो ते सांगितले आहे, त्यात मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला येतात. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. २०१० च्या दर्शन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काकडे उदारपणे पाहायला सांगितले आणि कायदा पाळणाऱ्या माणसाने हल्ल्यापुढे भित्रेपणा दाखवावा अशी अपेक्षा नाही असेही म्हटले. दावा सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे, पण संशयातीत पुराव्याने नव्हे, शक्यतेच्या पारड्याने. प्रत्यक्षात मात्र पोलीस सहसा आधी खुनाचा गुन्हा नोंदवतात आणि स्वसंरक्षणाचे काय ते न्यायालय बघेल असे म्हणतात.

पोलिसांपुढे बोलण्याच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा एका अर्थाने मोठे संरक्षण देतो. पोलिसाला दिलेला गुन्ह्याचा कबुलीजबाब न्यायालयात चालतच नाही. पूर्वी हे साक्ष अधिनियमाच्या कलम २५ मध्ये होते, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. अघनू नागेसिया खटल्यात आरोपीने स्वतः ठाण्यात जाऊन चार हत्यांची हकिगत एफआयआर म्हणून दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ठरवले की तो कबुलीजबाबच आहे आणि त्यातून वस्तू हस्तगत झाल्याशी संबंधित भाग वगळता बाकी वापरता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्षीची सक्ती न करणारे घटनेचे कलम २०(३), तोच हक्क पोलीस चौकशीलाही लावणारा १९७८ चा नंदिनी सत्पथी निकाल, कलम २२ प्रमाणे वकिलाचा हक्क आणि १९९६ च्या डी. के. बासू निकालातले अटकेचे नियम हेही सोबतीला आहेत. पण चौकशीत वकिलाला भेटता येते, तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. आणि पोलीस नसलेल्यांपाशी बोललेले चालते. १९५९ मध्ये मुंबईत कमांडर नानावटी प्रेम आहुजांवर गोळ्या झाडून बाहेर पडले, ते नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे आणि तिथून पोलीस उपायुक्त लोबो यांच्याकडे गेले. झटापटीत पिस्तूल चुकून उडाले हा बचाव पुढे न्यायालयात मांडला गेला. इमारतीचा रखवालदार, नौदलाचा अधिकारी, यांच्यापाशी त्या पहिल्या तासात ते काय बोलले याची १९६१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात बारकाईने चिकित्सा आहे. जन्मठेप कायम राहिली.

आपल्याकडे स्वसंरक्षणाचा दावा सर्वांत ठळकपणे ऐकू येतो तो पोलिसांकडून, चकमकींनंतर. मुंबईतल्या १९९० च्या दशकातल्या चकमकींवरून लढल्या गेलेल्या पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये नियम घालून दिले. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, शस्त्र जमा करायचे. हे नियम असूनही २०२४ च्या बदलापूरमधल्या शाळकरी मुलींवरील अत्याचार प्रकरणातल्या आरोपीचा पोलीस गाडीत गोळी लागून मृत्यू झाला तेव्हा दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सामान्य माणसाने गोळी झाडली की तो लगेच कोठडीत, पोलिसाने झाडली की आधी पत्रकार परिषद, ही रीत महाराष्ट्राला शोभत नाही.

शेवटी अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी काही नेमके. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीचा परवाना असण्यासारखे ठरावीक अपवाद सोडले तर, संघराज्याच्या कायद्याने शस्त्र बाळगताच येत नाही. मित्राच्या पिस्तुलाने जीव वाचवला तरी ते हातात कसे आले हा प्रश्न वेगळा उभा राहतो. ग्रीनकार्डधारकांना शस्त्र बाळगता येते, पण शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढले जाण्याची वेळ येऊ शकते. म्हणून सरकारी वकिलाशी तडजोड करून किरकोळ गुन्हा कबूल करण्याआधी स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारावे. तसा इशारा देणे हे बचावाच्या वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी निकालात ठरले आहे. अटक झाल्यास, आपण मागणी केली तर भारतीय वकिलातीला कळवणे १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार पोलिसांवर बंधनकारक आहे.

घरात पिस्तूल असेल तर आपल्या राज्यातल्या फौजदारी वकिलाशी आजच एकदा बोलून घ्या, त्याचा रात्रीचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा आणि एक इंग्रजी वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घ्या: "आय वॉन्ट अ लॉयर, अँड आय विल नॉट आन्सर क्वेश्चन्स अन्टिल माय लॉयर इज हिअर." मराठी मंडळांनी आपल्या वार्षिक कार्यक्रमांत करविवरणाइतकाच वेळ या विषयालाही द्यावा.